देशापेक्षा मोठे वर्तुळ : सिंगापूरपुढचा अणुविजेचा प्रश्न

फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्थसंकल्प मांडताना सिंगापूरचे पंतप्रधान लॉरेन्स वोंग यांनी अणुवीज आपल्या देशात वापरता येईल का, याचा पद्धतशीर अभ्यास करण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच्या काही महिने आधी, जुलै २०२४ मध्ये, सिंगापूरने अमेरिकेबरोबर नागरी अणुसहकार्याचा करार केला होता. यात नवल वाटण्याचे कारण असे की, याच सिंगापूरने २०१० मध्ये असाच अभ्यास हाती घेतला होता आणि २०१२ मध्ये त्याचा निष्कर्ष नकारार्थी निघाला होता : त्या वेळी उपलब्ध असलेले तंत्रज्ञान छोट्या आणि दाट वस्तीच्या बेटाला योग्य नाही, त्यातील जोखीम फायद्यापेक्षा जड आहे. मधल्या काळात बेट काही मोठे झाले नाही. मग बदलले काय?

मराठी वाचकाला अणुवीज नवी नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या आहेत आणि जैतापूरचा वाद तर घरोघरी बोलला गेलेला आहे. पण जैतापूरचा चष्मा लावून सिंगापूरकडे पाहिले तर फसगत होते. जैतापूरच्या प्रस्तावित प्रकल्पाची क्षमता ९,९०० मेगावॉट आहे, तर सिंगापूर या संपूर्ण देशाची विजेची कमाल मागणी ८,००० मेगावॉटच्या आसपास असते. (एक मेगावॉट म्हणजे हजार किलोवॉट; दीड टनाचे साधारण साडेसहाशे एसी एकदम चालू केले तर लागेल एवढी वीज.) जैतापूरसाठी सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेण्यात आली. सिंगापूरचे एकूण क्षेत्रफळच जेमतेम ७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडेसे जास्त आहे आणि त्यात साठ लाख माणसे, एक मोठा विमानतळ, जगातल्या सर्वाधिक गजबजलेल्या बंदरांपैकी एक बंदर आणि तेलशुद्धीकरण कारखाने दाटीवाटीने बसलेले आहेत. तेव्हा आपल्याकडे जो प्रश्न ‘कोणाच्या जमिनीवर?’ असा विचारला जातो, तो तिथे ‘जमीन आहेच कुठे?’ असा विचारावा लागतो.

रोजचा रतीब

सिंगापूरची सुमारे ९५ टक्के वीज नैसर्गिक वायू जाळून तयार होते आणि हा सगळा वायू बाहेरून येतो : काही मलेशिया आणि इंडोनेशियातून नळांवाटे, तर उरलेला जहाजांतून. वायू अतिशय थंड करून त्याचा द्रव केला की तो जहाजात भरता येतो; असा द्रवरूप वायू उतरवून घेण्याचे टर्मिनल तिथे २०१३ पासून चालू आहे. ही व्यवस्था उत्तम चालते. मात्र ती दुधाच्या रतीबासारखी आहे. दूध रोज येते तोवर घरात कोणाला त्याची आठवणही होत नाही, पण भैया चार दिवस आला नाही की घरातला साठा किती कमी होता ते कळते. २०२१ च्या अखेरीस जगभर वायूचे भाव भडकले तेव्हा सिंगापुरातील अनेक खासगी वीजविक्रेत्यांना गाशा गुंडाळावा लागला, आणि पुढच्याच वर्षी युक्रेनच्या युद्धाने वायूची बाजारपेठ आणखी हादरली.

त्यात हवामानबदलाची जबाबदारी आली. सिंगापूरने २०५० पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे ठरवले आहे. मोठ्या उद्योगांकडून दर टन कार्बन उत्सर्जनामागे घेतला जाणारा कर २०१९ मध्ये ५ सिंगापूर डॉलर होता, तो २०२४ मध्ये २५ झाला आणि २०२६ साठी ४५ ठरवला गेला. वायू हा कोळशापेक्षा स्वच्छ असला तरी जळतोच. त्याच्या एका युनिट विजेमागे, विहिरीपासून वीजकेंद्रापर्यंतचा सगळा हिशेब धरल्यास, सुमारे ४९० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर अणुविजेच्या एका युनिटमागे, खाणकाम आणि बांधकाम धरूनही, सुमारे १२ ग्रॅम.

अणुवीज नव्याने विचारात येण्याचे हे अर्धे कारण झाले. उरलेले अर्धे कारण तंत्रज्ञानातल्या बदलाचे आहे. त्याकडे येण्यापूर्वी मुळात अणुवीज म्हणजे काय, ते पाहू.

वर्षाची बेगमी

अणुवीजकेंद्र हे शेवटी पाणी उकळण्याचेच यंत्र आहे. कोळशाच्या केंद्रात जाळ कोळशाचा असतो. इथे युरेनियमचा जड अणू न्यूट्रॉन नावाच्या कणाच्या आघाताने दुभंगतो, त्यातून उष्णता आणि आणखी काही न्यूट्रॉन बाहेर पडतात, ते शेजारचे अणू दुभंगवतात आणि ही साखळी चालू राहते. ती काबूत ठेवणारे पात्र म्हणजे अणुभट्टी. तिच्या उष्णतेने वाफ होते, वाफेने चक्र फिरते आणि चक्राने वीज निर्माण होते. अणुभट्टीचा अणुबॉम्बसारखा स्फोट होईल का, हा प्रश्न इथेच निकालात काढता येतो : बॉम्बला लागणाऱ्या युरेनियममध्ये सहज दुभंगणारा प्रकार नव्वद टक्क्यांच्या घरात असावा लागतो, तर प्रचलित भट्ट्यांच्या इंधनात तो तीन ते पाच टक्केच असतो. भट्टीचे अपघात वेगळ्या प्रकारचे असतात, ते पुढे येतीलच.

बेटाच्या दृष्टीने खरी मोलाची गोष्ट म्हणजे या इंधनाचा आटोपशीरपणा. करंगळीच्या पेरापेक्षा लहान असलेल्या युरेनियमच्या एका गोळीत सुमारे एक टन कोळशाइतकी ऊर्जा असते. हजार मेगावॉटच्या भट्टीला वर्षाला वीस-पंचवीस टन इंधन पुरते आणि भट्टी एकदा भरली की दीड ते दोन वर्षे तिच्यात नवे इंधन घालावे लागत नाही. म्हणजे वायू हा रोजचा रतीब असेल, तर युरेनियम ही घरात भरून ठेवलेल्या धान्याची बेगमी आहे. समुद्रमार्ग महिनाभर अडले तरी दिवे जळत राहतील, हे आश्वासन सिंगापूरसारख्या देशाला फार मोठे वाटते.

परावलंबन मात्र याने संपत नाही, फक्त त्याचे रूप बदलते. युरेनियम समृद्ध करणारे, म्हणजे त्यातील सहज दुभंगणाऱ्या प्रकाराचे प्रमाण वाढवणारे कारखाने जगात मोजक्याच देशांत आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा रशियाचा आहे. बेगमी भरायची झाली तरी ती कोणाच्या वखारीतून भरायची, हा प्रश्न उरतोच.

अणुवीज सिंगापूरला मानवेल असे वाटण्याचे आणखी एक कारण क्वचितच बोलले जाते. अणुभट्टी एकदा चालू केली की ती रात्रंदिवस एकाच गतीने चालवणे सर्वांत किफायतशीर ठरते. विषुववृत्ताजवळच्या या बेटावर उन्हाळा-हिवाळा असा फरक नाही, एसी बारा महिने चालतात आणि घरगुती वापर एकूण विजेच्या सुमारे पंधरा टक्केच आहे. बाकीची वीज चिप बनवणारे कारखाने, रसायनउद्योग, कार्यालये आणि डेटा सेंटर खातात, आणि यांपैकी बहुतेकांना रात्र-दिवस सारखाच. मागणीची रेषा इतकी सपाट असलेले देश थोडेच असतील.

पंगत आणि वाढपी

मग तारापूर किंवा जैतापूरसारखे मोठे केंद्र का नको? त्याचे एक उत्तर वीजजाळ्याच्या गणितात आहे. पंगतीत दहा वाढपी असतील आणि एकाला ऐनवेळी चक्कर आली, तर बाकीचे नऊजण सावरून घेतात. पण दोनच वाढपी असतील तर निम्मी पंगत उपाशी राहते. विजेच्या जाळ्यात मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळावे लागतात. त्यामुळे कोणतेही एक यंत्र एकूण जाळ्याच्या साधारण दहा टक्क्यांपेक्षा मोठे असू नये, असा एक व्यवहारी दंडक आहे. आठ हजार मेगावॉटच्या जाळ्यात ही मर्यादा सुमारे आठशे मेगावॉटची होते. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोठ्या भट्ट्या हजार ते सोळाशे मेगावॉटच्या आहेत.

मोठ्या देशात शेजारचे राज्य धावून येते. बेटाला तशी शेजारची राज्ये नसतात. सिंगापूरची मलेशियाशी तारांची जोडणी आहे, श्रीलंकेची तर कोणाशीच नाही. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी श्रीलंकेत पानदुरा येथील उपकेंद्रात एक माकड शिरले आणि जवळजवळ सबंध देश अंधारात गेला, असे तिथल्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितले. जगभर त्याचा विनोद झाला, पण बेटावरचे वीजजाळे किती हळवे असते याचा तो धडाच होता.

विझवूनही धगधगणारी चूल

दुसरे उत्तर सुरक्षिततेचे आहे, आणि इथे जरा थांबावे लागेल, कारण सगळा वाद अखेर याच ठिकाणी येऊन ठेपतो.

गॅसची शेगडी बंद केली की जाळ संपतो. अणुभट्टी चुलीसारखी आहे : लाकडे ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहतात. साखळी थांबवल्यावरही अणू दुभंगून झालेले तुकडे स्वतःहून उष्णता टाकत राहतात. भट्टी थांबवल्याच्या क्षणी ही उष्णता तिच्या पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के असते. आकडा लहान दिसतो, पण हजार मेगावॉट वीज देणारी भट्टी सुमारे तीन हजार मेगावॉट उष्णता निर्माण करत असते, म्हणजे ‘बंद’ केलेल्या भट्टीतही आरंभी दोनशे मेगावॉटची धग शिल्लक राहते. ती हळूहळू कमी होते, तरी तोवर पाणी फिरते ठेवावेच लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमात चालू असलेल्या भट्ट्या भूकंपाचा धक्का बसताच ठरल्याप्रमाणे बंद पडल्या होत्या. त्सुनामीचे पाणी आले, पंप चालवणारे डिझेल जनित्र बुडाले, निखारे विझवायला पाणी फिरेना, आणि तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. किरणोत्सर्गी द्रव्ये बाहेर पडली. वीस किलोमीटरच्या परिसरातून लोकांना बाहेर काढले गेले आणि एकूण दीड लाखांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली.

सिंगापूरजवळ मोठ्या भूकंपाचा पट्टा नाही आणि सुमात्राच्या आडोशामुळे त्सुनामीची भीतीही कमी आहे. तेव्हा तिथे फुकुशिमाची हुबेहूब पुनरावृत्ती संभवत नाही. पण प्रश्न अपघाताच्या शक्यतेइतकाच, अपघात झाल्यास माणसे जाणार कुठे, याचाही आहे. भारतात आणि अमेरिकेतही मोठ्या अणुवीजकेंद्राभोवती साधारण सोळा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखून, त्यातील लोकांना वेळप्रसंगी कसे हलवायचे याची आधीच तयारी ठेवण्याची पद्धत आहे. याला आपत्कालीन नियोजन क्षेत्र म्हणतात. सोळा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ शाळेतल्या सूत्राने काढले तर सुमारे ८०४ चौरस किलोमीटर येते. सिंगापूर ७३५ चौरस किलोमीटरचे आहे. देशाच्या सुरक्षेसाठी आखलेले वर्तुळ देशापेक्षाच मोठे!

हे वर्तुळ बेटाच्या एका टोकाला ठेवले तर देशाचा काही भाग बाहेर राहील, पण मग ते सीमेपलीकडे जाईल. जोहोरच्या सामुद्रधुनीवरचा मलेशियाला जोडणारा मार्ग जेमतेम एक किलोमीटर लांबीचा आहे, आणि इंडोनेशियाचे बाताम बेट सुमारे वीस किलोमीटरवर. अशा ठिकाणी आपत्कालीन योजना ही एका देशाची राहतच नाही.

पाण्याचा प्रश्नही यातच गुंतलेला आहे. सिंगापूरने आपल्या जमिनीचा सुमारे दोन तृतीयांश भाग पावसाचे पाणी गोळा करण्यासाठी वापरला आहे. गटारे, कालवे आणि सतरा जलाशय यांचे जाळे विणून पडणारा थेंब अन् थेंब अडवला जातो. किरणोत्सर्गी धूळ पावसाबरोबर खाली आली तर ती याच जाळ्यातून पिण्याच्या पाण्यात उतरेल. आयोडीन-१३१ सारखे द्रव्य दर आठ दिवसांनी निम्मे होत काही महिन्यांत संपते, पण सीझियम-१३७ निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात. मलेशियाच्या जोहोर राज्यातून येणारे पाणी १९६२ च्या करारानुसार २०६१ पर्यंत मिळणार आहे. त्याच्यावरच सगळी भिस्त ठेवायची वेळ येऊ नये म्हणून तर या देशाने सांडपाणी शुद्ध करण्याचे आणि समुद्राचे पाणी गोडे करण्याचे खर्चिक कारखाने उभारले. माझ्या मते अणुविजेच्या चर्चेत जमिनीपेक्षाही पाण्याचा मुद्दा अधिक बिकट आहे, आणि तो पुरेसा बोलला जात नाही.

‘सिंगापुरात असे होणारच नाही’

शिस्तीचा देश, कडक कायदे, भ्रष्टाचार नगण्य. मग अपघात कसा होईल, असे आपल्याकडचे पुष्कळजण म्हणतील. जपानबद्दलही असेच म्हटले जात असे. जपानच्या संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी आयोगाने २०१२ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना मानवनिर्मित ठरवली आणि नियामक व कंपनी यांच्यातील सलगीवर बोट ठेवले. छोट्या देशात ही अडचण वाढते. अणुशास्त्र जाणणारी माणसे मोजकी, त्यांतलीच काही केंद्र चालवणार आणि काही त्याची तपासणी करणार. गावात एकच शाळा असेल तर परीक्षक आणि शिक्षक वेगळे मिळणे अवघड, त्यातलाच हा प्रकार. सिंगापूरने हे ओळखले आहे, असे दिसते. २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठात अणुसंशोधन व सुरक्षेचा उपक्रम सुरू झाला, तो २०२५ मध्ये स्वतंत्र संस्था झाला, आणि सुमारे चाळीस तज्ज्ञांची संख्या शंभरावर नेण्याचे ठरले. भट्टीचा निर्णय होण्याआधी माणसे तयार करण्याचा हा क्रम मला बरोबर वाटतो.

लहान भट्टी, लहान वर्तुळ?

आता तंत्रज्ञानातल्या बदलाकडे. तीनशे मेगावॉटपर्यंतच्या, कारखान्यात भाग तयार करून जागेवर जोडता येतील अशा भट्ट्यांना लघु मॉड्युलर अणुभट्ट्या म्हणतात. तीनशे मेगावॉटची भट्टी सिंगापूरच्या पंगतीत एका साध्या वाढप्यासारखी बसते. ती बंद केल्यावर उरणारी धगही त्याच प्रमाणात कमी असते, आणि ही धग पंपाविना शमवण्याची सोय मुळातच रचनेत केलेली असते. वीज गेली की तळमजल्यावरचा पंप बंद पडतो, पण गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळाला येतच राहते, कारण ते गुरुत्वाकर्षणाने उतरते. या भट्ट्यांपैकी अनेकांत हेच तत्त्व वापरले आहे. असे असेल तर सोळा किलोमीटरचे वर्तुळ कशाला हवे, असा युक्तिवाद पुढे आला आणि अमेरिकेच्या अणुनियामकाने २०२३ मध्ये, लहान भट्ट्यांचा धोका कमी असल्याचे सिद्ध करून दाखवल्यास वर्तुळ त्या प्रमाणात, अगदी केंद्राच्या कुंपणापर्यंतही लहान करता येईल, अशी नियमांत तरतूद मान्य केली.

सिंगापूरची आशा या एका तरतुदीवर टांगलेली आहे, असे म्हटले तरी चालेल. ८०४ चौरस किलोमीटरचे वर्तुळ एखाद्या औद्योगिक आवाराएवढे झाले तर सगळा हिशेबच पालटतो.

पण कागदावरचा नकाशा आणि उभे घर यांत फरक असतो. आज प्रत्यक्ष चालू असलेल्या अशा भट्ट्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. रशियाचे ‘अकादेमिक लोमोनोसोव्ह’ हे तरंगते केंद्र २०२० पासून आर्क्टिक किनाऱ्यावरच्या पेवेक गावाला ३५ मेगावॉटच्या दोन भट्ट्यांतून वीज देते. चीनमध्ये शिदाओ उपसागराजवळील, वायूने थंड होणारे केंद्र डिसेंबर २०२३ मध्ये व्यावसायिक स्तरावर सुरू झाले. चीनच्याच हायनान या बेटावर १२५ मेगावॉटच्या ‘लिंगलोंग वन’ या भट्टीचे बांधकाम २०२१ मध्ये सुरू झाले. सिंगापूरच्या अभ्यासकांचे लक्ष तिच्याकडे असणार. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने २०२५ मध्ये डार्लिंग्टन येथे तीनशे मेगावॉटच्या चार भट्ट्यांच्या प्रकल्पातील पहिलीला हिरवा कंदील दाखवला. यांपैकी एकही दाट वस्तीच्या शहराच्या मध्यात नाही.

घर बांधायचे कर्ज

वायूचे केंद्र उभारायला स्वस्त पडते, पुढे इंधनाचा खर्च जन्मभर चालू राहतो. अणुकेंद्राचे उलटे : इंधन किरकोळ, बांधकाम प्रचंड. भाड्याने राहणे आणि कर्ज काढून घर बांधणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. आणि घर बांधणाऱ्याला जी भीती असते, तीही इथे आहे : काम रखडले की घरात राहायला मिळत नाही, पण व्याज चालूच. फिनलंडच्या ओल्किलुओटो येथील तिसरी भट्टी २००५ मध्ये बांधायला घेतली, ती नियमित वीज देऊ लागली २०२३ मध्ये. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील व्होग्टल येथील दोन नव्या भट्ट्या सुमारे सात वर्षे उशिरा झाल्या आणि खर्च चौदा अब्ज डॉलरवरून तीस अब्जांच्या पुढे गेला.

लहान भट्ट्या कारखान्यात घाऊक बनतील म्हणून स्वस्त पडतील, असे सांगितले जाते. घाऊक मागणी आली तर हे खरेही होईल. मात्र अमेरिकेत न्यूस्केल कंपनीच्या सहा भट्ट्यांच्या प्रकल्पात विजेचा अंदाजित दर एक हजार युनिटना ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला, ग्राहक-पालिकांचा धीर सुटला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प रद्द झाला.

उलट बाजूचे उदाहरणही द्यायला हवे. संयुक्त अरब अमिरातीला अणुविजेचा काहीही अनुभव नव्हता; तिथे बराका येथे २०१२ मध्ये बांधकाम सुरू झाले, पहिली भट्टी २०२१ मध्ये आणि चौथी २०२४ मध्ये व्यावसायिक स्तरावर चालू झाली, आणि आज देशाची सुमारे पाव वीज तिथून येते. पैसा आणि चिकाटी असेल तर नवखा देशही हे करू शकतो. फक्त बराका हे वाळवंटाच्या काठावर, मोठ्या शहरांपासून दूर आहे, आणि नेमकी हीच गोष्ट सिंगापूरला विकत घेता येत नाही.

सूर्य आणि शेजारी पुरणार नाहीत का?

एवढ्या उपद्व्यापापेक्षा सौरऊर्जा का नको, हा आक्षेप रास्त आहे. सिंगापूरकडे वीज काढता येण्याजोगी नदी नाही, वारा मंद आहे, भरती-ओहोटीचा जोर कमी आहे. राहता राहिला सूर्य. पण सूर्याला जागा लागते आणि इथले आकाश ढगाळ असते. टेंगे जलाशयावर २०२१ मध्ये ४५ हेक्टर पाण्यावर सव्वा लाखाच्या आसपास पॅनेल तरंगत ठेवून ६० मेगावॉटचे केंद्र उभारले गेले. रात्र आणि ढग वजा जाता अशा केंद्राकडून सरासरी आठ-नऊ मेगावॉटच वीज मिळते. तीनशे मेगावॉटच्या एका लहान अणुभट्टीची बरोबरी करायला असे तीसएक टेंगे लागतील. सगळी छपरे आणि जलाशय वापरले तरी २०५० मधील मागणीच्या दहा टक्क्यांच्या आसपासच भागेल, असा अधिकृत अंदाज आहे.

दुसरा मार्ग वीज आयातीचा. लाओसच्या जलविद्युत केंद्रांतून थायलंड आणि मलेशियामार्गे शंभर मेगावॉटपर्यंत वीज २०२२ पासून येऊ लागली, आणि २०३५ पर्यंत सहा हजार मेगावॉट स्वच्छ वीज बाहेरून आणण्याचे लक्ष्य आहे. अणुवीज येईल तेव्हा येईल. हा पर्याय बराच आधी हाती लागेल. पण यातली जोखीम सिंगापूरकरांनी ताटात पाहिली आहे. जून २०२२ मध्ये मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली आणि घराघरांत आवडीने खाल्ला जाणारा चिकन राइस महागला. विजेच्या बाबतीतही मलेशियाने २०२१ मध्ये नवीकरणीय विजेच्या निर्यातीवर बंदी घातली होती, ती २०२३ मध्ये उठवली. शेजारी वाईट नसतो. पण स्वतःच्या घरात टंचाई आली की तो आधी स्वतःच्या घरात वायर ओढतो.

म्हणूनच २०२२ मध्ये सिंगापूरच्या एका सरकारी समितीने मांडलेल्या चित्रांपैकी एकात २०५० मध्ये अणुऊर्जेचा वाटा सुमारे दहा टक्के धरला होता. दहा टक्के म्हणजे मुख्य जेवण नव्हे. प्रश्न तेवढ्यासाठी हे सारे ओढवून घ्यायचे का, असा आहे.

उष्टे कुठे टाकायचे?

वापरून झालेले इंधन बाहेर काढल्यावर काही वर्षे पाण्याच्या हौदात निववतात आणि मग पोलाद-काँक्रीटच्या पिंपांत बंद करतात. त्यातले प्लुटोनियम-२३९ निम्मे व्हायला चोवीस हजार वर्षे लागतात. फिनलंडने ओंकालो येथे सुमारे ४३० मीटर खोल खडकात अशा इंधनाचे कायमचे भांडार कोरले आहे. सिंगापूरलाही खडक अपरिचित नाही : बेटाच्या मध्यावर ग्रॅनाइट आहे आणि जुरोंग बेटाखाली दीडशे मीटर खोल गुहांत २०१४ पासून तेल साठवले जाते. परंतु तेल उपसता येते, गुहा पुन्हा रिकामी करता येते. इथे एकदा ठेवलेली वस्तू ज्यांची भाषाही आपल्याला ठाऊक नसेल अशा पिढ्यांच्या माथी राहते, आणि ७३५ चौरस किलोमीटरच्या देशात ‘दूर’ नावाची जागा नसते.

व्यवहारी तोडगा म्हणजे इंधन पुरवणाऱ्या देशानेच ते परत न्यायचे, जशी हमी रशिया आपल्या काही ग्राहकदेशांना देतो. हे सोयीचे आहे. पण शंभर वर्षे कोणत्या राजवटीवर भरवसा ठेवायचा, याचे उत्तर कोणत्याही भट्टीच्या आराखड्यात सापडत नाही. मला विचाराल तर लहान भट्ट्यांची सुरक्षितता पुढच्या पंधरा वर्षांत सिद्ध होईलही. इंधन परत नेण्याचा लेखी आणि टिकाऊ करार हातात पडल्याखेरीज मात्र सिंगापूरने होकार देऊ नये.

शेजाऱ्यांनी उभारल्या तर?

सिंगापूरने नकार दिला तरी विषय संपत नाही. व्हिएतनामने २०१६ मध्ये गुंडाळलेला निन्ह थुआनचा प्रकल्प २०२४ मध्ये पुन्हा काढला. इंडोनेशियात बांगका-बेलितुंग द्वीपसमूह आणि पश्चिम कालिमंतान यांची नावे जागा म्हणून घेतली जातात. फिलिपिन्समधील बताआनचे, १९८० च्या दशकात बांधून कधीच न चालवलेले केंद्र पुन्हा चर्चेत आहे. मलेशियाही विचार करत आहे. आणि हवा सीमा पाळत नाही, हे सिंगापूरला कोणी शिकवायची गरज नाही. इंडोनेशियातील जंगले आणि पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या, जमिनी पेटल्या की धुराचे लोट सिंगापूरवर येतात. १९९७, २०१३, २०१५ ही वर्षे तिथले लोक विसरलेले नाहीत. धूर निदान दिसतो आणि खोकला आणतो. किरणोत्सर्ग दिसत नाही.

त्यामुळे भट्टी बांधायची की नाही हे ठरण्याच्या कितीतरी आधी एक काम करावे लागते, आणि ते तिथे सुरूही आहे : हवेत, पावसात आणि समुद्राच्या पाण्यात आज नैसर्गिकरीत्या किती किरणोत्सर्ग आहे याची मोजणी. ही नोंद नसेल तर उद्या कोणाच्या तरी भट्टीतून काही निसटले, तेव्हा ते वाढले आहे की पूर्वीपासून तेवढेच होते, हे सांगायला कोणाकडेही आकडा नसेल.